एस्टोनियन भाषा: 14 विभक्ती, 3 मात्रा आणि आपल्या ओळखीचं सामान्यरूप

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया ही तीन नावं आपण एका दमात घेतो. भाषेच्या हिशेबात मात्र पहिलं नाव वेगळं काढावं लागतं. लाटव्हियन आणि लिथुआनियन या इंडो-युरोपीय भाषा आहेत, म्हणजे दूरच्या का होईना, मराठीच्या नात्यातल्या. एस्टोनियन त्या घराण्यातली नाही. ती उरालिक कुळातल्या फिनिक शाखेची भाषा आहे. फिनिश ही तिची सख्खी बहीण. कारेलियन, वेप्स, व्होटिक ही आता फार थोडे भाषक उरलेली भावंडं. लिव्होनियन हे आणखी एक भावंड. ती मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती 2013 मध्ये वारली. हंगेरियनही याच कुळातली, पण ते नातं इतकं जुनं आहे की एकाचं वाक्य दुसऱ्याला अजिबात कळत नाही.

एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे 13.7 लाख आहे. 2011च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या याहून जास्त, 14.9 लाख होती. या 13.7 लाखांतही सगळ्यांची मातृभाषा एस्टोनियन नाही. जगभरचे धरून तिचे भाषक अकरा लाखांच्या आसपास भरतात. तरीही बालवाडीपासून पीएचडीपर्यंतचं शिक्षण, न्यायालयं, शस्त्रक्रियेचे अहवाल, लष्कराचे आदेश आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांत ही भाषा चालते. 2004 पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषाही आहे.

एस्टोनियनबद्दल कुठेही वाचलं की 14 विभक्तींची भीती आधी घातली जाते. ही भीती इंग्रजी माणसाची आहे. मराठी माणसाला त्या 14 पैकी 11 विभक्ती जवळपास फुकट मिळतात. खरी अडचण दुसरीकडेच आहे, आणि ती तिथे का आहे हे भाषेच्या इतिहासातून कळतं.

आधी लिपीबद्दल थोडं. एस्टोनियन रोमन लिपीत लिहितात. या लेखात तिचे शब्द अक्षराला अक्षर लावून देवनागरीत दिले आहेत. एस्टोनियनमध्ये आ, ए, ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात. म्हणून नुसता काना म्हणजे ऱ्हस्व ‘आ’ आणि काना-अवग्रह (ाऽ) म्हणजे दीर्घ, असं धरून वाचावं.

विभक्ती: 3 पाठ करा, 11 जोडा

मराठीत ‘घर’ला ‘त’ थेट लागत नाही. आधी ‘घरा’ होतं, मग ‘घरात’, ‘घराला’, ‘घराहून’. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणायला शिकलो. एस्टोनियनचा कारखाना अगदी याच पद्धतीने चालतो. तिथलं सामान्यरूप म्हणजे षष्ठी. पुस्तक म्हणजे ‘राऽमात’, त्याची षष्ठी ‘राऽमातु’. पुढचे सगळे प्रत्यय या ‘राऽमातु’लाच लागतात.

प्रत्ययांची रचना नीटस आहे. पहिला त्रिकूट ‘आतला’: ‘स्से’ म्हणजे आत जाणं, ‘स’ म्हणजे आत असणं, ‘स्त’ म्हणजे आतून बाहेर येणं. पुस्तकात म्हणजे ‘राऽमातुस’, पुस्तकातून म्हणजे ‘राऽमातुस्त’. दुसरा त्रिकूट ‘बाहेरचा’ किंवा पृष्ठभागाचा: ‘ले’ म्हणजे वर किंवा -ला, ‘ल’ म्हणजे वर किंवा जवळ असणं, ‘ल्त’ म्हणजे वरून किंवा कडून. उरलेले पाच सुटे: ‘क्स’ म्हणजे अमुक होणं, ‘नि’ म्हणजे पर्यंत, ‘ना’ म्हणजे अमुक या नात्याने, ‘ता’ म्हणजे विना, ‘गा’ म्हणजे सह किंवा -ने. शहर म्हणजे ‘लिन्न’, षष्ठी ‘लिन्ना’. शहरात ‘लिन्नास’, शहरातून ‘लिन्नास्त’, शहरापर्यंत ‘लिन्नानि’. रेल्वेने ‘रोन्गिगा’. साखरेविना ‘सुह्क्रुता’. शिक्षक म्हणून ‘अपेतायाना’.

शब्दयोगी अव्ययंही आपल्यासारखीच नामाच्या मागून येतात आणि षष्ठीवर बसतात. टेबल ‘लाउद’, षष्ठी ‘लाउआ’. टेबलाखाली ‘लाउआ आल्ल’, टेबलावर ‘लाउआ पेआल’, घरासमोर ‘माया एऽस’. नुसती षष्ठी ‘चा-ची-चे’चं कामही करते, म्हणून शहराचं नाव म्हणजे ‘लिन्ना निमि’. (‘निमि’ आणि ‘नाम’ यांचं साम्य भाषाशास्त्रज्ञांना फार काळ चाळवत आलं आहे. ती फार जुनी उसनवारी की योगायोग, यावर एकमत नाही.)

विशेषणाचं थोडं वेगळं आहे. मराठीत ‘मोठ्या घरात’ म्हणताना ‘मोठा’ हा शब्द सामान्यरूप घेऊन थांबतो. एस्टोनियन विशेषण मात्र पुढे जाऊन प्रत्ययही घेतं: ‘सूऽरेस मायास’, म्हणजे जणू ‘मोठ्यात घरात’. शेवटच्या चार प्रत्ययांना (नि, ना, ता, गा) ही सक्ती नाही. तिथे विशेषण मराठीसारखंच सामान्यरूपात थांबतं: ‘सूऽरे मायागा’, मोठ्या घरासह. नवशिके ‘गा’ दोन्हीकडे लावून बसतात, ती नेहमीची चूक.

देशांच्या आणि गावांच्या नावांचं एक पथ्य आहे. बहुतेकांना आतला त्रिकूट लागतो: ‘तार्तुस’, ‘ताल्लिन्नास’, ‘इन्दियास’. ज्या नावांच्या शेवटी भूमी या अर्थाचा ‘माऽ’ असतो त्यांना बाहेरचा लागतो. म्हणून सारेमा बेटावर ‘साऽरेमाऽल’ आणि जर्मनीत ‘साक्सामाऽल’.

मग अवघड काय? ते सामान्यरूपच

प्रत्यय सोपे आहेत, ते ज्याला लावायचे ते रूप अवघड आहे. मराठीतही ‘पाणी’चं ‘पाण्या’, ‘भाऊ’चं ‘भावा’, ‘मूल’चं ‘मुला’ होतं आणि परक्याला ते पाठच करावं लागतं. एस्टोनियनमध्ये हा बदल शब्दाच्या पोटात शिरतो. नदी ‘यगि’, षष्ठी ‘यए’. खोली ‘तुबा’, षष्ठी ‘तोआ’. युद्ध ‘सदा’, षष्ठी ‘सया’. मुलगा ‘पोएग’, षष्ठी ‘पोया’. पक्षी ‘लिन्द’, षष्ठी ‘लिन्नु’. पाणी ‘वेसि’, षष्ठी ‘वेऽ’. कधी प्रवाह उलटा असतो: दात ‘हाम्मास’, षष्ठी ‘हाम्बा’. एक रूप ‘बळकट’ आणि एक ‘दुबळं’ असा हा खेळ आहे. भाषाशास्त्रात त्याला श्रेणीबदल म्हणतात.

हे असं का झालं ते बहिणीकडे पाहिलं की कळतं. फिनिशमध्ये पाय म्हणजे ‘याल्का’, षष्ठी ‘यालान’. नियम स्वच्छ आहे: शेवटी ‘न’ लागला की अवयव (एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) बंद होतो, म्हणजे व्यंजनावर संपतो, आणि बंद अवयवाच्या सुरुवातीचा ‘क’ दुबळा होऊन गळतो. एस्टोनियनमध्येही पूर्वी हेच होतं. पुढे काही शतकांत तिने शब्दांची टोकं झाडून टाकली. ‘याल्का’चा शेवटचा ‘आ’ गेला आणि ‘यालग’ उरलं. ‘यालान’चा ‘न’ गेला आणि ‘याला’ उरलं. ‘क’ ज्या कारणाने गळाला ते कारण पुसलं गेलं, परिणाम तेवढा राहिला. फिनिश माणूस शेवट पाहून मधला बदल ओळखतो. एस्टोनियन माणसाला मधल्या बदलावरून विभक्ती ओळखावी लागते. शब्दाच्या शेवटी असलेला व्याकरणाचा भार शब्दाच्या मध्यावर सरकला. या भाषेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण पुढची मात्रांची भानगडही इथूनच निघाली आहे.

म्हणून एस्टोनियन नाम कधीही एकटं पाठ करू नये. तीन रूपं एकत्र पाठ करावीत: प्रथमा, षष्ठी आणि अंशवाचक (वस्तूचा अंश किंवा अपुरी क्रिया दाखवणारी विभक्ती). ‘राऽमात, राऽमातु, राऽमातुत’. ‘वेसि, वेऽ, वेत्त’. ‘कॅसि, कॅए, कॅत्त’ (हात). शब्दकोशातही ही रूपं दिलेली असतात. थोडी प्रगती झाली की चौथं, अनेकवचनी अंशवाचक रूपही जोडावं. तेही अंदाजाने बनत नाही आणि रोज लागतं.

3 मात्रा

संस्कृत व्याकरणात स्वरांचे तीन भेद सांगितले आहेत: ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत. प्लुत तीन मात्रांचा, लांबून हाक मारताना वापरायचा. एस्टोनियनमध्ये हा तिसरा भेद रोजच्या बोलण्यात आहे आणि त्याने अर्थ बदलतो. ‘सादा’ म्हणजे शंभर. ‘साऽदा’ म्हणजे पाठव. ‘साऽऽदा’ म्हणजे मिळवणं. शेवटचे दोन लिहिताना हुबेहूब सारखे लिहितात, फरक फक्त उच्चारात. व्यंजनांचंही तसंच आहे: ‘लिना’ म्हणजे अंबाडीसारख्या वाखाचं लिनन, ‘न्न’ दीर्घ असलेलं ‘लिन्ना’ म्हणजे शहराचं, तोच ‘न्न’ प्लुत केला की ‘लिन्ना’ म्हणजे शहराकडे, शहरात जायला. फिनिशमध्ये ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला, पण त्याचं हेच रूप ‘लिन्नाऽन’ असं अजून लांब आहे. एस्टोनियनने शेपूट कापलं आणि त्याची लांबी मधल्या ‘न्न’मध्ये भरली.

प्लुत म्हणजे नुसतं आणखी लांब ओढणं नव्हे, आणि शिकणारे नेमके इथेच फसतात. मूळच्या एस्टोनियाच्या आणि पुढे अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात काम केलेल्या ध्वनिशास्त्रज्ञ इल्झे लेहिस्ते यांनी 1960 मध्ये मोजमाप करून दाखवलं की निर्णायक असतं ते पहिल्या आणि दुसऱ्या अवयवाचं प्रमाण. ऱ्हस्व शब्दात ते साधारण 2:3 असतं, म्हणजे दुसरा अवयवच लांब. दीर्घात 3:2. प्लुतात 2:1. शिवाय दीर्घ शब्दात आवाजाची पट्टी पहिल्या अवयवभर वर राहते आणि दुसऱ्यावर उतरते. प्लुतात ती पहिल्याच अवयवात घसरते. सरावासाठी याचा अर्थ असा: ‘सादा’ म्हणताना शेवटच्या ‘दा’वर रेंगाळा. ‘साऽऽदा’ म्हणताना पहिल्यावर सगळा भार टाकून आवाज खाली आणा आणि ‘दा’ अर्धा गिळा. नुसता पहिला स्वर ताणला आणि दुसरा तसाच ठेवला तर ऐकणाऱ्याला दीर्घच ऐकू येतो.

ब, द, ग या अक्षरांबाबत मराठी माणसाने जास्त सावध राहावं. एस्टोनियनमध्ये ही अक्षरं आहेत, पण त्यांचा उच्चार आपल्या घोष ब-द-ग सारखा नाही. स्वरांच्या मधे ‘ब’ लिहिलं तर मऊ, आखूड ‘प’ म्हणायचं. ‘प’ लिहिलं तर आपल्या ‘प्प’एवढं थांबायचं. ‘प्प’ लिहिलं तर त्याहून जास्त. ‘काबि’ म्हणजे खूर, ‘कापि’ म्हणजे कपाटाचं, ‘काप्पि’ म्हणजे कपाटात जायला. मराठी कानाला हे अनुक्रमे कापि, काप्पि आणि काप्‌-प्पि असे ऐकू येतील. लिहिलेलं जसंच्या तसं मराठी उच्चाराने वाचलं तर तिन्ही शब्द एकेक पायरी चुकतात.

एका बाबतीत आपण सुदैवी आहोत. एस्टोनियन क-त-प अल्पप्राण आहेत, अगदी मराठीसारखे, त्यामुळे इंग्रजीभाषकांना जो महाप्राणाचा झटका घालवायला महिने लागतात तो आपल्याला घालवावा लागत नाही. ‘त’ मात्र दंत्यच ठेवावा, ‘ट’ नको. ‘र’ आपल्यासारखाच थरथरता.

स्वर नऊ. त्यांतले आ, ए, इ, ओ, उ ओळखीचे. ‘ॲ’ आपल्याला ‘बॅट’मुळे येतो. वर ‘यगि’, ‘सदा’ यांत ‘अ’ने दाखवलेला स्वर मराठी ‘अ’च्या शेजारचा आहे. जीभ ‘ओ’साठी नेतो तशी मागे आणि वर न्यायची, ओठ मात्र गोल करायचे नाहीत. या स्वराला स्वतंत्र अक्षर मिळालं 19व्या शतकाच्या सुरुवातीला, ओट्टो विल्हेल्म माझिंग या पाद्री-लेखकामुळे. सारेमा बेटावरचे लोक हा स्वर आजही वेगळा, ओठ गोल करून म्हणतात आणि त्यावरून लगेच ओळखू येतात. उरलेल्या दोन स्वरांची कृती सरळ आहे: ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ ‘ऊ’सारखे करा, ‘ए’ म्हणत राहा आणि ओठ ‘ओ’सारखे करा. आघात जवळपास नेहमी पहिल्या अवयवावर. ठळक अपवाद रोजच्या वापरातला आहे: धन्यवाद या अर्थाचा ‘आइतॅह’, त्याचा आघात शेवटच्या अवयवावर येतो.

कर्म: संपलं की चाललंय?

लिंग या भाषेत नाही. ‘ता’ म्हणजे तो, ती, ते सगळंच. मराठीची तीन लिंगं सांभाळणाऱ्याला ही मोठी सुटका आहे. भविष्यकाळाचं वेगळं रूपही नाही. ते काम बऱ्याचदा कर्माच्या विभक्तीवर येतं, आणि शिकणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते.

‘मा लुगेसिन राऽमातुत’ म्हणजे मी पुस्तक वाचत होतो, थोडंबहुत वाचलं. ‘मा लुगेसिन राऽमातु लॅबि’ म्हणजे मी पुस्तक वाचून काढलं. क्रियापद तेच, फक्त कर्म अंशवाचक विभक्तीतून षष्ठीत गेलं आणि ‘आरपार’ या अर्थाचा ‘लॅबि’ जोडला. मराठी हा भेद ‘वाचलं’ आणि ‘वाचून काढलं, वाचून टाकलं’ अशा संयुक्त क्रियापदाने दाखवते. एस्टोनियन तो मुख्यतः नामावर दाखवते. वर्तमानकाळात हाच भेद भविष्य सांगतो: ‘मा लोएन राऽमातुत’ म्हणजे मी पुस्तक वाचतोय, ‘मा लोएन राऽमातु लॅबि’ म्हणजे मी पुस्तक वाचून काढीन, कारण जे आत्ता पूर्ण झालेलं नाही ते पूर्ण म्हणून सांगितलं तर ते पुढचंच असणार.

व्यवहारात तीन नियमांवर बरंच निभावतं. नकार असेल तर कर्म नेहमी अंशवाचक: ‘मा एइ लुगेनुद राऽमातुत’, मी पुस्तक वाचलं नाही. प्रेम करणं, वाट पाहणं अशा, शेवट नसलेल्या क्रियांचं कर्म अंशवाचक. आणि दोन किंवा त्याहून मोठ्या संख्येनंतर नाम अंशवाचक एकवचनात: ‘काक्स राऽमातुत’, दोन पुस्तकं. इथे अनेकवचन वापरणं ही मराठीभाषकाची हमखास चूक.

काही ठिकाणी मात्र मराठीचा सराव थेट कामाला येतो. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणताना एस्टोनियन ‘असणे’च वापरते आणि माणसाला बाहेरच्या त्रिकूटातली विभक्ती लावते: ‘मुल ओन राऽमात’. ‘मला आवडतं’ हेही तसंच: ‘मुल्ले मेऽल्दिब’, आवडणारी गोष्ट कर्ता आणि माणूस ‘ला’ या अर्थाच्या विभक्तीत. तू आणि तुम्ही यांचा भेद ‘सिना’ आणि ‘तेइए’ असा आहे. आणि ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे: ‘ता ओन हाइगे’ म्हणजे ती आजारी आहे, ‘ता ओलेवात हाइगे’ म्हणजे ती आजारी आहे म्हणे. बोलणाऱ्याने स्वतः खातरजमा केलेली नाही हे त्या एका ‘वात’ने कळतं, आणि वार्ताहरांना ते फार उपयोगी पडतं.

आठ आणि नऊसाठी ‘काहेक्सा’ आणि ‘युहेक्सा’ हे शब्द आहेत. त्यांच्या पोटात ‘काक्स’ (दोन) आणि ‘युक्स’ (एक) आहेत, म्हणजे दहाला दोन कमी आणि दहाला एक कमी. एकोणीस, एकोणतीस म्हणणाऱ्याला यात नवल वाटू नये.

शब्द कुठून आले

शंभरासाठी ‘सादा’ आणि संस्कृत ‘शत’ यांचं साम्य योगायोगाचं नाही. साधारण 4,000 वर्षांपूर्वी उरल पर्वत आणि व्होल्गा नदीच्या टापूत उरालिक बोलणारे लोक आणि इंडो-इराणी बोलणारे लोक शेजारी होते. त्या शेजारात गेलेले शब्द एस्टोनियनमध्ये अजून जिवंत आहेत. मध ‘मेसि’, आपल्या मधुचा नातलग. गाईची कास ‘उदार’, संस्कृत ‘ऊधस्’. अनाथ ‘ओर्ब’, संस्कृत ‘अर्भ’. हातोडा ‘वासार’, संस्कृत ‘वज्र’. धान्याचा दाणा ‘इवा’, संस्कृत ‘यव’. यावरून एस्टोनियन संस्कृतोत्पन्न ठरत नाही. शब्द उसने घेतल्याने कुळ बदलत नाही, व्याकरणाचा सांगाडा आणि मूळ शब्दसंग्रह उरालिकच आहे.

पुढचे थर बाल्टिक आणि जर्मानिक भाषांचे. राजासाठीचा ‘कुनिन्गास’ हा शब्द प्राचीन जर्मानिक रूप इतकं जपून आहे की जर्मानिक भाषांनीही ते तसं राखलं नाही. 13व्या शतकात जर्मन धर्मयोद्धे आणि डेन (डेन्मार्कचे लोक) यांनी हा प्रदेश जिंकला, आणि पुढची सातशे वर्षं जमीनदार आणि शहरी व्यापारी प्रामुख्याने जर्मनभाषक राहिले. त्या काळात शाळा (‘कोऽल’), खुर्ची (‘तोऽल’), तवा (‘पान्न’), तळघर (‘केल्देर’) असे शब्द आले. मूळ एस्टोनियन शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे. म्हणून उत्तर जर्मन बोलीतल्या ‘स्टोल’चा सुरुवातीचा भाग गळून ‘तोऽल’ उरला आणि किनारा या अर्थाच्या जर्मानिक ‘स्ट्रांड’चा ‘रान्द’ झाला.

फिनिश-एस्टोनियन जवळीक फसवीही आहे. ‘पीम’ म्हणजे एस्टोनियनमध्ये दूध, फिनिश ‘पीमॅ’ म्हणजे आंबवलेलं ताकासारखं दूध. ‘हाल्लितुस’ म्हणजे एस्टोनियनमध्ये बुरशी आणि फिनिशमध्ये सरकार.

शेतकऱ्यांची बोली ते राज्यभाषा

एस्टोनियन पहिल्यांदा कागदावर आणली ती परक्यांनी. 1220च्या दशकात लॅटिनमध्ये लिहिलेल्या लिव्होनियाच्या (आजच्या एस्टोनिया-लाटव्हियाच्या प्रदेशाच्या) बखरीत तिचे सुटे शब्द आणि वाक्यांश सापडतात. 1525 मध्ये ल्युबेक शहरात जप्त झालेल्या ल्यूथरपंथी पुस्तकांत एस्टोनियन मजकूर असल्याची नोंद आहे. तिथूनच मोजून 2025 हे एस्टोनियन पुस्तकाचं पाचशेवं वर्ष म्हणून साजरं झालं. प्रत्यक्ष हाती असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक मात्र 1535चं. व्हिटेनबर्गला छापलेल्या त्या धर्मप्रश्नोत्तरीची काही फाटकी पानं 1929 मध्ये सापडली. 1637 मध्ये हाइनरिख श्टाल या पाद्र्याने पहिलं व्याकरण छापलं. त्याच्या डोक्यात जर्मन होती, त्यामुळे स्पेलिंग आणि वाक्यरचनाही जर्मन वळणाची. 1680च्या दशकात बेंग्ट गॉटफ्रिड फोर्सेलियस याने शेतकऱ्यांची मुलं शिकवता शिकवता स्पेलिंग उच्चाराच्या जवळ आणलं.

तेव्हा लिखित भाषा दोन होत्या: उत्तरेची, राजधानी टालिनची आणि दक्षिणेची, तार्तू शहराची. नवा करार 1686 मध्ये आधी दक्षिणेच्या भाषेत आला. पण संपूर्ण बायबल 1739 मध्ये आंतोन थोर हेल्ले याच्या संपादनाखाली निघालं ते उत्तरेच्या भाषेत, आणि पारडं फिरलं. आजची प्रमाण एस्टोनियन उत्तरेची आहे. दक्षिणेकडे बोलल्या जाणाऱ्या वरो आणि सेतो यांना त्यांचे भाषक बोली नव्हे तर स्वतंत्र भाषा मानतात. त्यांचं म्हणणं ऐतिहासिकदृष्ट्या भक्कम आहे, कारण दक्षिण एस्टोनियन फार लवकर वेगळी झाली.

1843 मध्ये एडुआर्ड आरेन्स याने फिनिशच्या धर्तीवर नवं स्पेलिंग मांडलं: दीर्घ तर दोनदा लिहा, ऱ्हस्व तर एकदा. आजचं लेखन त्यावरच उभं आहे. 1857 मध्ये योहान वोल्देमार यान्सेन याने पेर्नू शहरात वर्तमानपत्र सुरू केलं आणि वाचकांना, तोवरच्या रूढ ‘मुलूखवासी’ या अर्थाच्या शब्दाऐवजी, ‘एस्टोनियन’ म्हणून हाक मारली. 1869 मध्ये तार्तूला पहिला गीतमहोत्सव भरला. 1880च्या दशकात, तेव्हा इथे राज्य असलेल्या रशियन झारशाहीने शाळांत रशियन लादली, तरी तोवर वाचणारा समाज तयार झाला होता.

1918 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1919 मध्ये तार्तू विद्यापीठ एस्टोनियन माध्यमात सुरू झालं. आता शरीरशास्त्रापासून कायद्यापर्यंत हजारो संज्ञा एकदम हव्या होत्या. दोन माणसांनी दोन वाटा धरल्या. योहानेस वोल्देमार वेस्कीने उपलब्ध शब्दांना प्रत्यय लावून, जोडून, पद्धतशीर परिभाषा घडवली. योहानेस आविकने फिनिशमधून आणि बोलींतून शब्द उचलले, आणि काही तर कानाला एस्टोनियन वाटतील असे ध्वनी जुळवून कोरे करकरीत बनवले. शस्त्र (‘रेल्व’), गुन्हा (‘रोइम’), पटवून देणं (‘वेऽन्मा’) हे आविकचे. आज ते शब्द बोलणाऱ्या कुणाला ते एका माणसाने बनवलेले आहेत याची जाणीवही नसते. आविकचं धाडस लोकांच्या लक्षात राहतं. माझ्या मते वेस्कीचं चिकाटीचं काम भाषेला जास्त उपयोगी पडलं, कारण त्याने शब्दांबरोबर शब्द बनवण्याची रीत दिली.

सोव्हिएत काळात (1940-41 आणि 1944 ते 1991) शिक्षण एस्टोनियनमध्ये चालू राहिलं, पण कारखाने, रेल्वे, लष्कर रशियनमध्ये गेले आणि मोठ्या संख्येने रशियनभाषक वस्तीला आले. टालिनकर त्या काळात सुमारे 80 किलोमीटरवरच्या हेलसिंकीचा टीव्ही पकडून फिनिश शिकले. 18 जानेवारी 1989 रोजी, म्हणजे 1991 मध्ये पुन्हा मिळालेल्या स्वातंत्र्याच्या अडीच वर्षं आधी, भाषा कायद्याने एस्टोनियन राज्यभाषा झाली. नार्वासारख्या पूर्वेकडच्या शहरांत आजही रशियनच ऐकू येते. 2024च्या सप्टेंबरपासून पहिली आणि चौथीपासून सुरुवात करून सगळ्या शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमात आणल्या जात आहेत.

शिकायचं असेल तर

टालिन किंवा तार्तूला शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्याने सुरुवात ‘केऽलेक्लिक्क’ या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाने करावी. तो इंग्रजीतून शिकवतो. शब्दांसाठी एस्टोनियन भाषा संस्थेचं ‘सनावेऽब’ हे संकेतस्थळ. शब्द टाकला की त्याची सगळी रूपं आणि ध्वनी मिळतो, आणि लिखाणात न दिसणारा प्लुत तिथे दाखवलेला असतो. नागरिकत्वासाठी बी-1, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा लागते. लेखन, श्रवण, वाचन, संभाषण असे तिचे भाग आहेत आणि उत्तीर्ण व्हायला 60 टक्के गुण हवेत.

क्रम असा ठेवावा. पहिल्या महिन्यात उच्चार आणि तीनतीन रूपं, प्रत्यय नकोत. मग आतला त्रिकूट, बाहेरचा त्रिकूट, ‘गा’ आणि ‘ता’. कर्माचा भेद त्यानंतर, आधी फक्त नकार आणि संख्या या दोन पक्क्या नियमांनी. अनेकवचनी अंशवाचक रूप सगळ्यांत शेवटी, आणि तेही वाचनातून. तक्त्यावरून ते कुणाच्या डोक्यात राहत नाही. प्लुत बोलताना चुकला तरी संदर्भाने लोक समजून घेतात, षष्ठीचं रूप चुकलं तर पुढचे 11 चुकतात, म्हणून वेळ कमी असेल तर तो षष्ठीला द्यावा.

शहरात एक अडचण नक्की येईल: उच्चार परका वाटला की समोरचा माणूस मदत म्हणून लगेच इंग्रजीत बोलू लागतो. तेव्हा ‘पालुन एऽस्ति केऽलेस’ म्हणावं, ‘कृपया एस्टोनियनमध्ये’. भाषा म्हणजे ‘केऽल’, षष्ठी ‘केऽले’, त्यावर ‘स’.